मिरॅकल वर्कर, द

अमेरिकन नाटककार विल्यम गिब्सन (१९१४–२००८) यांचे तीन अंकी नाटक. दृष्टी आणि श्रवण या दोन्ही शक्ती गमावलेल्या हेलन केलर (१८८०–१९६८) या सहा वर्षांच्या मुलीला ॲन सलिव्हन (१८६६–१९३६) या तरुण शिक्षिकेने भाषा शिकविली, ती घटना हा या नाटकाचा विषय होय. प्रारंभी ते दूरचित्रवाणीसाठी लिहिले गेले व ७ फेब्रुवारी १९५७ रोजी प्रक्षेपित झाले. रंगभूमीसाठी पुनर्लेखन केल्यावर १९ ऑक्टोबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचा पहिला प्रयोग झाला. याच कथावस्तूवर मराठीत वि. वा. शिरवाडकर यांचे ‘किमयागार’ हे नाटक आहे. मार्क ट्वेन यांनी सलिव्हन यांचा ‘चमत्कार घडविणारी’ अशा अर्थाने गौरव केला होता. तेच शब्द गिब्सन यांनी शीर्षकासाठी घेतले. तथापि नाटकातील बहुतेक काळ चमत्कारापेक्षा त्यामागील कष्टांनी व्यापलेला आहे, आणि नाटकाचे खरे सामर्थ्य तेथेच आहे.

हेलनचा जन्म अमेरिकेच्या ॲलाबामा राज्यातील टस्कंबिया या गावी झाला. एकोणीस महिन्यांची असताना झालेल्या तीव्र ज्वराच्या आजारात तिची दृष्टी व श्रवणशक्ती गेली. पुढील पाच वर्षे ती खाणाखुणांच्या आधारे घरात वावरत असे. हवे ते मिळाले नाही म्हणजे लाथा झाडणे, ओरबाडणे, वस्तू फेकणे हे प्रकार नित्याचे झाले होते. चार्ल्स डिकिन्झ यांच्या अमेरिकेवरील प्रवासवर्णनात (१८४२) बॉस्टनच्या अंधशाळेतील लॉरा ब्रिजमन (१८२९–८९) या अंध-बधिर मुलीचा वृत्तांत आहे. तो हेलनच्या आईच्या वाचनात आला आणि तिला आशेचा किरण दिसला. बॉल्टिमोरच्या नेत्रवैद्यांनी हेलनच्या वडिलांना ॲलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्याकडे पाठविले. दूरध्वनीचा हा संशोधक मुळात बधिरांचा शिक्षक होता. बेल यांच्या सल्ल्यावरून बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेशी पत्रव्यवहार झाला आणि तेथील पदवीधर विद्यार्थिनी ॲन सलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी टस्कंबियाला पोहोचली. तेव्हा तिला एकविसावे वर्ष चालू होते. बालपणी झालेल्या खुपऱ्यांमुळे तिची स्वतःची दृष्टी अधू झाली होती. शस्त्रक्रियांनंतर ती बरीच सुधारली, तरी प्रखर प्रकाश तिला सोसत नसे. आई वारल्यावर ती व तिचा धाकटा भाऊ जिमी यांना ट्युक्सबरी येथील अनाथ व निर्धनांच्या आश्रयगृहात ठेवण्यात आले होते. १८७६ मध्ये जिमी तेथेच मरण पावला. नाटकात सलिव्हनला मधूनमधून ऐकू येणारे आवाज या काळातले आहेत.

तिने जे साधन वापरले ते तिचे स्वतःचे नव्हते. हाताच्या बोटांच्या विशिष्ट ठेवणीने एकेक वर्ण दर्शविण्याची पद्धती स्पेनमध्ये बधिरांच्या शिक्षणासाठी वापरात आली आणि १६२० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्याकडे बोटांच्या अशा बोलीला ‘करपल्लवी’ हा सुंदर शब्द पूर्वीपासून आहे, जरी तिचा उपयोग मुख्यतः गुप्त संकेतांसाठी होत असे. सॅम्युएल ग्रिडली हौ यांनी १८३७ पासून लॉरा ब्रिजमनला प्रथम उठावाची अक्षरे व पुढे तळहातावर उमटवलेली करपल्लवी यांच्या साह्याने शिकविले. पाहू न शकणाऱ्या बधिर व्यक्तीला ही चिन्हे डोळ्यांऐवजी तळहाताच्या त्वचेने वाचावी लागतात. सलिव्हनच्या शिक्षणकाळात लॉरा पर्किन्समध्येच राहत होती. त्यामुळे तिला ही करपल्लवी केवळ ग्रंथातून नव्हे, तर प्रत्यक्ष संभाषणातून अवगत झाली होती.

नाटकाचा प्रारंभ हेलनच्या आजाराने होतो आणि शेवट पाण्याच्या पंपापाशी होतो. मधला काळ साऱ्या एका महिन्याचा आहे. केलर कुटुंबाचे चित्रण गिब्सन यांनी मोठ्या नेमकेपणाने केले आहे. वडील कॅप्टन केलर हे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले, घरात हुकूमत गाजविणारे गृहस्थ आहेत. आई केट ममताळू आहे. सावत्र भाऊ जेम्स कडवट बोलणारा आहे आणि आत्या दूरच्या एखाद्या नव्या डॉक्टरची वार्ता घेऊन येते. या सर्वांचे हेलनवर प्रेम आहे, आणि त्यांचे प्रेम हीच शिक्षिकेपुढील पहिली अडचण ठरते. मुलगी जेवणाच्या टेबलाभोवती फिरत प्रत्येकाच्या ताटात हात घालते, त्याला कोणी हरकत घेत नाही. ती रडली की तिच्या तोंडात गोड खाऊ जातो. जिच्याकडून कोणतीच अपेक्षा ठेवलेली नाही अशा मुलीला कोणी काही शिकवतही नाही, ही गोष्ट सलिव्हन पहिल्या दिवसापासून ओळखते. येथे कॅप्टन केलर यांना खलपुरुष ठरविण्याचा मोह अनेक दिग्दर्शकांना होतो. तो टाळलेला बरा. मूळ संहितेत ते केवळ थकलेले पिता आहेत.

न्याहारीचा प्रसंग हा नाटकातील सर्वांत प्रसिद्ध भाग. हेलनला स्वतःच्या ताटातून, चमच्याने, खुर्चीवर बसून खायला लावायचे, एवढाच त्याचा विषय. सलिव्हन घरच्या सर्वांना खोलीबाहेर काढते, दार आतून लावून घेते, आणि मग कित्येक मिनिटे रंगमंचावर जवळजवळ एकही शब्द उच्चारला जात नाही. खुर्च्या आडव्या होतात, चमच्यांमागून चमचे फेकले जातात, अन्न तोंडावर थुंकले जाते, पाणी ओतले जाते. झटापट इतकी खरी असते, की ब्रॉडवेवरील प्रयोगांत दोघी अभिनेत्रींना कपड्यांच्या आत संरक्षक गाद्या बांधाव्या लागत. शेवटी दमलेली सलिव्हन बाहेर येऊन आईला सांगते, की खोलीची दुर्दशा झाली, पण मुलीने हातरुमालाची घडी घातली. ‘नाटक म्हणजे संवाद’ या समजुतीला इतके उघड आव्हान देणारे प्रसंग आधुनिक रंगभूमीवर थोडेच आढळतील. जिला शब्द ठाऊकच नाहीत तिच्याशी संवाद शब्दांनी होऊ शकत नाही, हे सत्य नाटककाराने भाषणातून न सांगता शब्द काढून टाकून दाखविले आहे.

स्पर्श ही रंगभूमीला गैरसोयीची गोष्ट होय. प्रेक्षक पाहतो व ऐकतो, पण स्पर्श करीत नाही. तळहातावर उमटलेली अक्षरे मागच्या रांगेतून दिसणे तर अशक्यच. गिब्सन यांनी त्यावर साधा तोडगा काढला. सलिव्हन बोटांनी जे लिहिते तेच ती मोठ्याने बोलते. त्यामुळे प्रेक्षकाला शब्द कळतो आणि हेलनला कळत नाही, हे अंतर डोळ्यांपुढे सतत राहते. याशिवाय वस्तूंची योजना फार विचारपूर्वक केलेली आहे. टॉवेलच्या बाहुलीला डोळे हवेत म्हणून हेलन आत्याच्या कपड्यांची बटणे तोडते. शिक्षिकेला खोलीत कोंडून ती किल्ली विहिरीत टाकते. बागेतल्या छोट्या घरात ती दोघींतला स्पर्शच नाकारते, तेव्हा सलिव्हन नोकराच्या मुलाला, पर्सीला, झोपेतून उठवून त्याच्या हातावर अक्षरे लिहू लागते आणि मत्सराने हेलनचा हात पुढे येतो. मुलीला कुतूहल आहे, स्मरण आहे, कावाही आहे. तिच्यात उणीव बुद्धीची नाही, हे या लहानसहान कृतींतून सिद्ध होत जाते.

बागेतील त्या घरात सलिव्हनला दोन आठवडे दिले जातात. मुदत संपते तेव्हा हेलन शांत, स्वच्छ, आज्ञाधारक झालेली असते. ती अठरा नामे व तीन क्रियापदे बोटांनी लिहू शकते. कुटुंब कृतज्ञ होते. एवढे पुष्कळ झाले, असे पित्याला वाटते. सलिव्हनला मात्र ही स्थिती पराभवासारखी भासते, कारण बोटांच्या त्या हालचाली म्हणजे वस्तूंची नावे आहेत हे हेलनला उमगलेलेच नाही. केक हवा असेल तर अमुक खेळ करायचा, इतकेच तिला ठाऊक आहे. वळण आणि आकलन यांतील हा भेद हा नाटकाचा गाभा होय. शिस्त ही शिक्षणाची पूर्वअट आहे, शिक्षण नव्हे, हे ज्या शिक्षिकेने शिस्तीसाठी एवढे रण माजविले तिच्याच मुखातून नाटककार वदवितो.

अखेरच्या प्रसंगात गिब्सन यांनी इतिहासाला मुरड घातली आहे. नाटकात घरी परतल्याच्या भोजनप्रसंगी हेलन पुन्हा हातरुमाल फेकते आणि भांड्यातील पाणी शिक्षिकेच्या अंगावर ओतते. सलिव्हन तिला ओढत पंपापाशी नेते व भांडे पुन्हा भरायला लावते. हातावर पाणी पडत असता तळहातावर उमटलेला शब्द तिच्या मनात उजळतो आणि आजारापूर्वी शिकलेला ‘वा-वा’ हा बोबडा उच्चार तोंडून बाहेर पडतो. सलिव्हन हिने ५ एप्रिल १८८७ रोजी लिहिलेल्या पत्रात हीच हकिगत निराळी आहे. हेलन ‘पेला’ व ‘दूध’ या शब्दांत गोंधळ करीत होती. त्या दिवशी सकाळी तोंड धुताना तिने स्वतःच पाण्याचे नाव विचारले. त्यावरून शिक्षिकेला कल्पना सुचली आणि ती तिला पंपावर घेऊन गेली. हेलननेही आत्मचरित्रात (१९०३) त्या आधी रागाने बाहुली फोडल्याचे सांगितले आहे, परंतु पंपाकडे दोघी गेल्या त्या उन्हात फिरायला जाण्याच्या आनंदात. म्हणजे नाटकात जो क्षण संघर्षाच्या शिखरावर येतो, तो प्रत्यक्षात मुलीच्या प्रश्नातून आला. नाट्यदृष्ट्या गिब्सन यांचा बदल समर्थनीय आहे. शिक्षणदृष्ट्या मात्र मूळ घटना अधिक बोलकी आहे, असे म्हणावे लागते.

त्या घटनेनंतर काही तासांतच हेलनने तीस नवे शब्द आत्मसात केले. नाटक येथे संपते, कारण रंगभूमीला क्षण हवा असतो. सलिव्हनचे शैक्षणिक कार्य मात्र येथून सुरू झाले. नात्यातील पंधरा महिन्यांचे एक मूल बोलता येण्यापूर्वीच मोठ्यांचे बोलणे समजू लागले आहे, असे तिच्या लक्षात आले. त्यावरून तिने ठरविले, की सुटे शब्द घोकून घेण्याऐवजी हेलनच्या तळहाताशी पूर्ण वाक्यांत बोलत राहायचे, जसे आई तान्ह्या मुलाच्या कानाशी बोलते. ठरावीक तासांचे पाठ तिने सोडून दिले. ही पद्धती तिच्या पत्रांत तपशिलाने आली असून ती पत्रे हेलनच्या आत्मचरित्राला जोडलेली आहेत. गिब्सन यांचा मुख्य आधारही तीच पत्रे होत. १९०४ मध्ये हेलन रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली, तेव्हा वर्गातील प्रत्येक व्याख्यान तिच्या हातावर उतरविणारी सलिव्हन तिच्या शेजारी होती.

ब्रॉडवेवर आर्थर पेन यांच्या दिग्दर्शनाखाली ॲन बँक्रॉफ्ट (सलिव्हन) व पॅटी ड्यूक (हेलन) यांनी भूमिका केल्या. नाटकाचे ७१९ प्रयोग झाले व १९६० चे टोनी पारितोषिक त्याला लाभले. पेन यांनीच दिग्दर्शित केलेल्या १९६२ च्या चित्रपटासाठी दोघी अभिनेत्रींना ऑस्कर पारितोषिके मिळाली. १९७९ च्या दूरचित्रवाणीपटात पॅटी ड्यूकने सलिव्हनची भूमिका केली. टस्कंबिया येथील केलर यांच्या जुन्या घराच्या आवारात दर उन्हाळ्यात या नाटकाचे प्रयोग होतात आणि तो पंपही तेथे जतन केलेला आहे. संजय लीला भन्साळी यांच्या ‘ब्लॅक’ (२००५) या हिंदी चित्रपटाची प्रेरणा हीच कथा आहे. मात्र त्यात शिक्षिकेच्या जागी वयस्क पुरुष शिक्षक आल्यामुळे, स्वतः जेमतेम विशीतली, परावलंबनाचा दाह भोगलेली स्त्री दुसऱ्या मुलीला त्यातून बाहेर काढते, हा मूळ नाटकातील धागा तुटला आहे.

परकीय नाट्यकृती मराठीत रुजविण्याचा शिरवाडकरांचा (१९१२–९९) व्यासंग ‘दूरचे दिवे’ (१९४६) या वाइल्डच्या नाटकावरील रूपांतरापासून दिसतो. ‘राजमुकुट’, ‘ऑथेल्लो’, ‘बेकेट’ ही त्यातील इतर प्रसिद्ध नावे. ‘किमयागार’ हे शीर्षक त्यांच्या भाषाविवेकाची साक्ष देते. मराठी मनात चमत्कार हा शब्द संतचरित्रांशी जोडलेला आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी मस्तकावर हात ठेवताच रेडा वेद बोलू लागला, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. हाताच्या स्पर्शाने मुक्याला वाचा फुटण्याचा तोही प्रसंग. परंतु त्या आख्यायिकेत रेड्याला काही शिकावे लागत नाही. किमया हा शब्द याहून वेगळा आहे. हिणकस धातूचे सोने करू पाहणाऱ्या किमयागाराला मूस, अग्नी व दीर्घ खटाटोप यांवाचून गत्यंतर नसते. सलिव्हनच्या कामाला हा शब्द मूळ इंग्रजी शीर्षकापेक्षा अधिक जवळचा वाटतो.

मराठी रंगभूमीला शिक्षणाचे नाट्य अपरिचित नव्हते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मध्ये (१९७५) प्राध्यापक फुलवालीची बोली बदलून तिचा सामाजिक दर्जा बदलू पाहतो. तेथे नायिकेजवळ मुळात ठसठशीत भाषा आहे, प्रश्न फक्त कोणत्या भाषेला मान मिळतो हा आहे. अंधत्वाचा निर्देश मात्र आपल्या नाटकांत पुष्कळदा रूपकाच्या अंगाने येतो. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ मध्ये सादर केलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ या श्री. वि. वर्तक यांच्या गाजलेल्या नाटकाच्या नावातली शाळा अंधांची नाही. या पार्श्वभूमीवर अपंगत्वाला रूपक न मानता प्रत्यक्ष शैक्षणिक समस्या मानणारी ही कथावस्तू वेगळी उठून दिसते.

ही कथा मराठीत आणताना एक भाषिक पेचही उभा राहतो. पंपापाशी हेलनच्या हातावर इंग्रजी शब्दाची पाच अक्षरे उमटतात, आणि तिच्या ओठी येतो तो त्याच शब्दाचा बोबडा अवशेष. ‘पाणी’ या शब्दात अक्षरे दोनच, त्यांना काना व वेलांटी जोडलेली. शिवाय मराठी तान्ह्या मुलाच्या तोंडी येणारा खाण्यापिण्याचा ‘मंमं’ हा शब्द ‘पाणी’चे बोबडे रूप नाही. बोबडा उच्चार व हातावरचा शब्द एकच आहेत ही ओळख पटण्यावर संपूर्ण प्रसंग उभा असल्याने, रूपांतरकाराला येथे केवळ शब्दाला शब्द देऊन भागत नाही.

हेलन केलर यांच्या नावाशी महाराष्ट्राचा संबंध रंगभूमीपुरता नाही. सलिव्हन टस्कंबियाला गेली त्याच वर्षी, १८८७ मध्ये, भारतातील पहिली अंधशाळा ॲनी शार्प या मिशनरी स्त्रीने अमृतसर येथे काढली. मुंबईत बधिरांची शाळा त्याच दशकात सुरू झाली होती. अंधांच्या शाळा निराळ्या व बधिरांच्या निराळ्या, अशी विभागणी त्यानंतर जवळजवळ शतकभर टिकली आणि जे मूल अंधही होते व बधिरही, त्याला यांपैकी कोणत्याच शाळेत जागा नव्हती. १९५५ मध्ये केलर यांनी भारताचा दौरा केला. १९७७ मध्ये बेरोज वाच्छा यांनी मुंबईत हेलन केलर यांच्या नावाने बधिर व अंध-बधिर मुलांसाठी संस्था स्थापन केली, ती या क्षेत्रातील देशातील आद्य संस्था होय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात बहुविकलांगतेखाली अंध-बधिरत्वाचा स्पष्ट उल्लेख झाला.

अशा संस्थांत येणारी बरीच मुले हेलनसारखी नसतात, हे नाटक पाहणाऱ्याने ध्यानात घेणे अगत्याचे आहे. हेलनला एकोणीस महिन्यांचे ऐकणे व पाहणे लाभले होते. ‘वा-वा’ हा शब्द त्या शिदोरीतला. गर्भावस्थेत मातेला झालेल्या रुबेला या रोगामुळे जन्मतः अंध-बधिर असणाऱ्या मुलाजवळ असा कोणताही शब्द स्मरणात दडलेला नसतो. नेदरलँड्समधील यान व्हान डाइक यांनी १९६०च्या दशकात अशा मुलांसाठी वेगळी पद्धती विकसित केली. तीत शिक्षक प्रथम मुलाच्याच हालचालीत सहभागी होतो आणि त्या सामायिक हालचालीतून संकेत घडत जातो. मुलाचा हात वरून पकडण्याऐवजी आपला हात त्याच्या हाताखाली ठेवावा, असा आग्रह आज धरला जातो, कारण या मुलाचे हात हेच त्याचे डोळे असतात आणि ते बळाने धरणे म्हणजे त्याचे पाहणे थांबविणे होय. न्याहारीच्या प्रसंगातील झटापट म्हणूनच अनुकरणासाठी नाही. भारतात गोवर-रुबेला लसीकरणाची व्यापक मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली. ज्यांना मूल आधीच झाले आहे त्या आईबापांपुढे मात्र पंपाचे दृश्य कधी आशा बनून, तर कधी ओझे बनून उभे राहते. आपल्या मुलाच्या बाबतीत तो दिवस केव्हा उजाडेल, असे ते विचारतात. पुष्कळ मुलांच्या बाबतीत असा एक दिवस नसतो. अंघोळीची चाहूल तांब्याच्या स्पर्शाने ओळखणे, ‘आणखी हवे’ ही खूण स्वतःहून करणे, अशा पायऱ्या महिन्यांनी, कधी वर्षांनी चढल्या जातात.

नाटकावरील आणखी एक आक्षेप असा, की त्याच्या लोकप्रियतेमुळे हेलन केलर लोकस्मृतीत कायमची सहा वर्षांची राहिली. १९०९ मध्ये समाजवादी पक्षात प्रवेश केलेली, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लिहिणारी, युद्धाला विरोध करणारी प्रौढ लेखिका त्या पंपामागे झाकली गेली. २०१० मध्ये ब्रॉडवेवर नाटकाचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा हेलनच्या भूमिकेसाठी अंध वा बधिर मुलींची निवडचाचणी घेतली नाही म्हणून निषेध झाला होता. गिब्सन यांनी स्वतः ‘मंडे आफ्टर द मिरॅकल’ (१९८२) या नाटकात प्रौढ हेलन, सलिव्हन व तिचा पती जॉन मेसी यांच्या तणावपूर्ण सहजीवनाचे चित्रण केले. त्याला पहिल्या नाटकाचे यश लाभले नाही.